फेरिस ब्यूलर आता आगाऊ का वाटतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’ हा १९८६ सालचा सिनेमा तुम्ही कॉलेजात असताना व्हिडिओ कॅसेटवर पाहिला आणि पोट धरून हसलात. आता पंधरा वर्षांच्या लेकीला तो कौतुकाने दाखवायला बसलात, तर ती मध्येच म्हणाली, “हा मित्राला नुसता वापरून घेतोय, यात हसण्यासारखं काय आहे?” आणि मग तुम्हालाही फेरिस आगाऊ, लाडावलेला वाटायला लागला. सिनेमा शिळा झाला की आपण म्हातारे झालो, असं तुम्ही विचारलंय.

लेकीचं म्हणणं बरोबर आहे, पण सिनेमा शिळा झालेला नाही. मी पेशाने संकलक. चित्रपट रसास्वादाच्या वर्गात हा सिनेमा दाखवतो तेव्हा मुलांना विनोद समजावून सांगावे लागत नाहीत, ते आपोआप पोचतात. मला दाखवायचं असतं ते निराळंच. एका अतिशय आत्मविश्वासू मुलाच्या गोष्टीखाली दुसऱ्या, घाबरलेल्या मुलाची गोष्ट एडिट टेबलावर कशी उभी राहिली, ते. तुमच्या लेकीने नेमकी ती दुसरी गोष्ट पाहिली.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक सांगतो. शिकागोच्या उत्तरेला शर्मर नावाचं काल्पनिक, सधन उपनगर आहे. तिथला फेरिस (मॅथ्यू ब्रॉडरिक) आजारपणाचं सोंग करून शाळेला दांडी मारतो. त्याचा मित्र कॅमरन (ॲलन रक) अंथरुणात पडलेला असतो, त्याला फोनवर फोन करून उठवतो. मैत्रीण स्लोनची (मिया सारा) आजी वारल्याची थाप मारून तिला शाळेतून बाहेर काढतो. कॅमरनच्या वडिलांनी जिवापाड जपलेली १९६१ सालची फेरारी घेऊन तिघं शहरात जातात. शाळेचा डीन रूनी फेरिसच्या मागावर असतो आणि बहीण जीनी (जेनिफर ग्रे) घरात धुसफुसत असते. दिवस संपतो तेव्हा फेरिस सुखरूप पांघरुणात आणि फेरारी दरीत.

आता फेरिसबद्दल. सकाळी जसा असतो तसाच तो संध्याकाळी असतो. काही शिकत नाही, काही गमावत नाही, कुणाची माफी मागत नाही. पटकथेच्या नेहमीच्या हिशेबाने हा नायक होऊच शकत नाही, कारण त्याच्यात बदल नाही. त्याचं काम वेगळं आहे, तो सूत्रधार आहे. तो थेट कॅमेऱ्यात बघून आपल्याशी बोलतो. तळहात चाटून ओलसर कसे करायचे आणि आपण आजारी असल्याचं आईला कसं भासवायचं, हे आपल्याला शिकवतो. तो आपल्याशी बोलत असल्याचा बाकीच्यांना पत्ताच नसतो. श्रेयनामावली संपल्यावरसुद्धा बाथरोबमध्ये बाहेर येऊन तो प्रेक्षकांना म्हणतो, संपलं की, अजून इथेच? घरी जा. संगीत नाटकातल्या सूत्रधाराला जसा गोष्टीतल्या दुःखाचा चटका बसत नाही, तसा यालाही बसत नाही. सगळं घडवून आणायचं आणि स्वतः नामानिराळं राहायचं.

गोची अशी की हा सूत्रधार त्याच गोष्टीत कुणाचा तरी मित्रही आहे. कॉलेजातल्या तुम्हाला सूत्रधार दिसला होता. तो तुमच्याकडे बघत होता, तुम्हाला कटात सामील करून घेत होता, आणि त्या वयात अशा मुलाने आपल्याला सामील करून घ्यावं असं कुणाला वाटत नाही? लेक त्या आमिषाला फसली नाही. तिने कॅमरनच्या बाजूने पाहिलं. तिथून बघितलं की हा सगळा भरीस पाडण्याचा कार्यक्रम आहे.

आणि हे सिनेमाला माहीत नाही असं अजिबात नाही. सुरुवातीचा फोन आठवा. फेरिस धमकी देतो की पंधरा मिनिटांत आला नाहीस तर दुसरा जिवलग मित्र शोध. कॅमरनचं उत्तर असं, की हे तू पाचवीपासून म्हणतोयस. एवढ्या एका वाक्यात लेखक-दिग्दर्शक जॉन ह्यूज यांनी त्या मैत्रीचा सगळा इतिहास मांडलाय. लगेच पुढे कॅमरन आपल्या गाडीत एकटा बसून स्वतःशीच भांडतो. हा मला फोन करत राहणार, माझ्या मनाला टोचणी लावणार, शेवटी मी जाणारच. गाडी सुरू करतो, बंद करतो, चिडून बाहेर पडतो, आदळआपट करतो आणि परत येऊन बसतो. सगळे हसतात. पण आवाज बंद करून हा प्रसंग बघा, हसू येत नाही. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही असा एक मुलगा तिथे दिसतो.

इथे ॲलन रकच्या वयाचा मुद्दा येतो. चित्रीकरण १९८५ च्या सप्टेंबरात सुरू झालं तेव्हा तो २९ वर्षांचा होता. ब्रॉडरिक २३ चा, मिया सारा १८ ची. शाळकरी पोरगा म्हणून २९ वर्षांचा नट हे एरवी हास्यास्पद ठरलं असतं, आणि नीट पाहिलं तर रकचा चेहरा सतरा वर्षांचा वाटतही नाही. पण त्या चेहऱ्यावर जो शिणवटा आहे, तो एखाद्या खऱ्याखुऱ्या शाळकरी नटाकडून मिळाला असता असं मला वाटत नाही. ब्रॉडरिक आणि रक यांनी त्याआधी ब्रॉडवेवर एका नाटकात एकत्र काम केलं होतं, त्यामुळे दोघांमधली सवयीची लय आयतीच मिळाली. कॅमरन फोनवर स्लोनच्या वडिलांचा आवाज काढून रूनीला झापतो ना, ती त्या नाटकाचे दिग्दर्शक जीन सॅक्स यांची नक्कल आहे.

आता संकलनाकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

संकलक होते पॉल हर्श. ‘स्टार वॉर्स’च्या संकलनासाठी ज्या तिघांना ऑस्कर मिळालं, त्यांतले एक. (फेरारी ठेवायला दिलेली पार्किंगवाली पोरं ती उधळत नेतात, तेव्हा मागे ‘स्टार वॉर्स’चंच संगीत वाजतं. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे बघून बरं वाटतं.) ह्यूज यांनी ही पटकथा आठवड्याभराच्या आतच लिहून काढली होती आणि पहिली जोडणी पावणेतीन तासांची झाली. पडद्यावर आलेला सिनेमा १०३ मिनिटांचा आहे. म्हणजे तासाभराचा मजकूर गेला. फेरिसला दोन धाकटी भावंडं होती, त्यांचं चित्रीकरणही झालं होतं, तीसुद्धा गेली.

सगळी गोष्ट एकाच दिवसात घडते, त्यामुळे पात्रांच्या अंगावर दिवसभर तेच कपडे. प्रेक्षकाला यात काही विशेष वाटणार नाही, पण संकलकासाठी ही लॉटरी असते. कपडे बदलत नाहीत म्हणजे प्रसंगांचा क्रम हवा तसा फिरवता येतो, कंटिन्युइटी, म्हणजे एका प्रसंगातल्या तपशिलांचा पुढच्याशी मेळ, आड येत नाही. ह्यूज मुद्दामच असं लिहीत असावेत, अशी शंका हर्श यांनी बोलूनही दाखवली आहे.

हर्श यांनी या सोयीचा उपयोग कसा केला तो बघा. मूळ जोडणीत मिरवणुकीचा प्रसंग (फेरिस रथावर चढून गातो तो) आधी होता आणि आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो या संग्रहालयातला प्रसंग नंतर. संग्रहालयाला पार्श्वसंगीत होतं एकट्या गिटारचं, ताल सैल सोडलेलं. हर्श आणि ह्यूज दोघेही त्यावर खूश. प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळांत मात्र प्रेक्षक एकमुखाने सांगू लागले की सगळ्यात नावडता प्रसंग हाच. ह्यूज यांनी संगीत बदललं. हर्श यांचं निदान वेगळं होतं. त्यांच्या मते प्रसंगात खोट नव्हती, तो चुकीच्या जागी होता. मिरवणूक हा दिवसाचा कळस. त्याच्यानंतर काहीही आणलं तरी ते फिकं पडणार. म्हणून संग्रहालय पुढे घेतलं, मिरवणूक शेवटी नेली, आणि तोच प्रसंग लोकांना एकदम आवडायला लागला.

हा किस्सा सहसा चाचणी खेळांचं महत्त्व सांगायला वापरतात. मला त्यात जास्त मोलाचं वाटतं ते कॅमरनचं जे झालं ते. जुन्या क्रमात आधी जल्लोष आणि मग संग्रहालयात एक उदास मुलगा, म्हणजे उतरती कळा. नव्या क्रमात तो आधी संग्रहालयात स्वतःला सापडतो, किंवा सापडत नाही, आणि तो भार मनात घेऊन मिरवणुकीत येतो. त्यामुळे मिरवणुकीतही एक गोष्ट सुरू राहते. फेरिस रथावर चढून नाचतो ती वरची. खालची फुटपाथवर चालते.

संग्रहालयाचा प्रसंग जरा सावकाश बघू. शाळकरी मुलांची रांग हात धरून चाललीय, त्यात हे तिघंही हात धरून सामील होतात. मग फेरिस आणि स्लोन मार्क शगालच्या निळ्या काचचित्रांसमोर चुंबन घेतात. कॅमरन एकटाच फ्रेंच चित्रकार जॉर्ज सेरा यांच्या ‘ग्रांद जात’समोर उभा राहतो. हे १८८४ ते १८८६ या काळातलं चित्र, दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद, पूर्ण ठिपक्यांनी रंगवलेलं. नदीकाठी रविवारच्या दुपारी जमलेली माणसं, बहुतेक सगळी बाजूने दिसणारी किंवा पाठमोरी. मधोमध पांढऱ्या फ्रॉकमधली एक लहान मुलगी तेवढी सरळ समोर बघते. हर्श आधी कॅमरनचा चेहरा दाखवतात, मग ती मुलगी. पुन्हा कॅमरन, आणखी जवळून. पुन्हा मुलगी, आणखी जवळून. असं करत करत कॅमरनचे नुसते डोळे उरतात आणि मुलीचा चेहरा विरून कॅनव्हासवर रंगांचे ठिपके राहतात. मागे ड्रीम ॲकॅडमी या बँडने वाजवलेली, ‘द स्मिथ्स’च्या एका गाण्याची शब्दाविना धून. एकही संवाद नाही.

ह्यूज यांनी नंतर या प्रसंगावर बोलताना सांगितलं की कॅमरन त्या मुलीकडे जितकं निरखून बघतो तितकी ती कमी दिसते, आणि आपल्याकडेही कुणी निरखून पाहिलं तर आत काहीच सापडणार नाही ही त्याची भीती आहे. मला आणखी एक जाणवतं. सिनेमाभर थेट समोर बघण्याचा मान फेरिसला आहे, आणि तो बघतो आपल्याकडे. कॅमरनकडे असं सरळ कुणी बघत नाही. त्याचे वडील तर पडद्यावर येतच नाहीत. दिवसभरात त्याच्याकडे समोरासमोर बघणारी पहिली व्यक्ती शंभर वर्षांपूर्वीच्या चित्रातली एक पोर आहे. विनोदी सिनेमात मध्यावर एवढं गंभीर काही ठेवायची हिंमत ऐंशीच्या दशकात फार जणांनी केली नव्हती.

जाता जाता सांगतो, हे संग्रहालय आपल्याला वेगळ्या कारणाने माहीत असतं. १८९३ च्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले ते याच इमारतीत. मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी २०१० मध्ये तिथल्या भव्य जिन्याच्या पायऱ्यांवर त्या भाषणाचे शब्द दिव्यांनी उजळवले होते. ह्यूज शाळेत असताना मनाला विसावा म्हणून या संग्रहालयात येत असत. कॅमरनला त्यांनी इथे एकटं उभं केलं, ते मला त्यामुळे अगदी स्वाभाविक वाटतं.

पुढे टॅक्सीत कॅमरन कुरकुरतो की आज चांगलं असं काही पाहिलंच नाही. फेरिस यादी वाचतो, अख्खं शहर पाहिलं, अनमोल कलाकृती पाहिल्या, महागड्या हॉटेलात जेवलो. दोघंही खरं बोलतायत. मग मिरवणूक. ती शिकागोतल्या जर्मन-अमेरिकनांच्या खरोखरीच्या फॉन श्टॉयबेन दिनाच्या मिरवणुकीत घुसून आणि नंतर रेडिओवर आवाहन करून जमवलेल्या गर्दीत, अशा दोन्ही प्रकारे चित्रित झाली. फेरिस गायब झालाय आणि स्लोन व कॅमरन गर्दीतून चालतायत. कॅमरन म्हणतो, फेरिसला सगळं जमतं, मला काहीच झेपत नाही, शाळा नाही, आईवडील नाहीत, पुढचं आयुष्य नाही. स्लोन विचारते, तुला कशात रस आहे? कशातच नाही. ती म्हणते, मलाही नाही. दोघं हसतात. त्या वयातल्या मुलांचं इतकं खरं बोलणं अमेरिकन विनोदी सिनेमात क्वचितच सापडतं, आणि ते घडतं रथावरून बीटल्सचं गाणं सुरू होण्याच्या जेमतेम आधी. दंगा लक्षात राहतो, हे चार शब्द विसरले जातात. लेकीसोबत पुन्हा बघाल तेव्हा इथे कान द्या.

गॅरेजचा प्रसंग तर तुम्हाला आठवत असेलच. गाडी उलटी चालवून किलोमीटर कमी होतील ही फेरिसची शक्कल फसते. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याची एखादी युक्ती फसते, आणि नेमकी ती कॅमरनच्या घरात. कॅमरन गाडीला लाथा घालायला लागतो, गाडी जॅकवरून सुटते, काच फोडून खाली दरीत. फेरिस म्हणतो, आळ मी घेतो. कॅमरन नाही म्हणतो. सकाळी गाडीत बसून ज्याला हे एक अक्षर उच्चारता येत नव्हतं, तो इथे ते म्हणतो. सिनेमा खरं तर इथे संपतो. पुढे जे आहे ते फेरिसला घरी पोचवण्याचं काम.

स्लोन निघताना फेरिसला विचारते, तू सकाळी उठलास तेव्हाच तुला हे सगळं माहीत होतं ना? फेरिस साळसूदपणे म्हणतो, मला? या ओळीवर पुष्कळ जण भाळतात. म्हणजे बघा, त्याने सगळं कॅमरनसाठीच केलं. मला ही ओळ लबाड वाटते. इथे ह्यूज फेरिसला पाठीशी घालतायत. मित्राचं भलं झालं हे खरं, पण त्या रात्री वडिलांसमोर एकटा उभा राहणार आहे कॅमरन, आणि तो प्रसंग आपल्याला दाखवलेला नाही. तुमच्या मुलीचा आक्षेप इथे टिकतो.

शिळं काय झालंय, तेही सांगतो. स्लोनला करायला काही दिलेलंच नाही. फुटपाथवरचे ते दोन संवाद सोडले तर ती नुसती सोबत आहे. पार्किंगवाली पोरं म्हणजे गरीब दिसणारी माणसं चोरच असणार, या गृहीतकावर बेतलेला विनोद. फेरिसचं ‘माझं नशीबच फुटकं’ हे रडगाणं तर आज ऐकवत नाही. गाडी मागितली तर कॉम्प्युटर मिळाला, ही त्याची तक्रार! त्याच कॉम्प्युटरवरून तो शाळेतल्या आपल्या नऊ गैरहजेऱ्यांच्या दोन करतो. असं करणारा गरीब वस्तीतला मुलगा असता तर हा सिनेमा विनोदी ठरला नसता.

सगळ्यात मोठा अन्याय जीनीवर आहे. भाऊ खोटं बोलतोय हे तिला पहिल्या मिनिटापासून दिसतं. कुणी विश्वास ठेवत नाही. घरात अनोळखी माणूस घुसला म्हणून ती पोलिसांना फोन करते, तो घुसलेला असतोही (डीन रूनी), तरी खोटा फोन केला म्हणून चौकीत तीच बसते. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि तिथे चार्ली शीनने रंगवलेलं एक व्यसनी पोरगं तिला सुनावतं, की तुझी अडचण भाऊ नाही, तू स्वतः आहेस. हे ऐकून ती सुधारते आणि शेवटी भावाला वाचवते. जेनिफर ग्रेचा संताप इतका अस्सल आहे की हा उपदेश तिच्या गळी उतरला यावर माझा विश्वास बसत नाही.

उलट एक गोष्ट आज जास्त रंगते. अर्थशास्त्राचा तो कंटाळवाणा मास्तर, प्रश्न विचारून “कुणी? कुणी?” करणारा. ते काम करणारे बेन स्टाइन खरोखरीचे अर्थशास्त्र शिकलेले, निक्सन यांची भाषणं लिहिलेले गृहस्थ, आणि त्यांनी ते व्याख्यान उत्स्फूर्त दिलं होतं. विषय १९३० चा स्मूट-हॉली आयातकर कायदा. आयातकरांनी मंदी सुधारली की बिघडवली, असं ते विचारतात आणि वर्ग पेंगतो. आजच्या बातम्या वाचून तो प्रसंग बघा.

‘आयुष्य भरभर जातं, मध्येच थांबून बघितलं नाहीत तर हुकेल’ या अर्थाचं फेरिसचं वाक्य पुढे बोधवाक्य झालं. तेव्हाच्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश यांनी १९९० मध्ये वेलस्ली कॉलेजच्या पदवीदान समारंभात ते उद्धृत केलं. पोस्टरवरचं वाक्य म्हणून ते ठीक आहे. पण सिनेमात थांबून बघणारा एकच आहे, आणि तो फेरिस नाही.

लेकीला पुन्हा दाखवायचा तर सगळा दाखवू नका. कॅमरनचं गाडीतलं भांडण, संग्रहालय, फुटपाथ आणि गॅरेज एवढं एका बैठकीत सलग लावा, वीसेक मिनिटांच्या आत संपेल. मग विचारा की सिनेमा कुणाच्या बाजूने आहे. तिचं मत तेच राहिलं तर वाद घालू नका.

ह्यूज यांचे आणखी सिनेमे दाखवायचा विचार असेल तर शनिवारी शाळेत कोंडलेल्या पाच मुलांचा १९८५ चा ‘द ब्रेकफास्ट क्लब’ आधी लावा, त्यात प्रत्येकाला बोलायची संधी मिळते. १९८४ चा ‘सिक्स्टीन कँडल्स’ मात्र तिच्यासोबत बघण्याआधी एकट्याने बघून घ्या. त्यातलं आशियाई विद्यार्थ्याचं पात्र ही निव्वळ टवाळी आहे, आणि शुद्धीत नसलेल्या मुलीला दुसऱ्याच्या हवाली करण्याचा प्रसंग विनोद म्हणून आलाय. त्यात नायिकेचं काम केलेल्या मॉली रिंगवाल्डनेच २०१८ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’मध्ये आपल्या या जुन्या सिनेमांबद्दल सविस्तर लिहिलंय. तुमच्यासारखीच तीही आपल्या लेकीसोबत ‘द ब्रेकफास्ट क्लब’ बघायला बसली होती. तो लेख दोघींनी, किंवा दोघांनी, मिळून वाचा.